वश करणाऱ्याला वश करणारी मारिया

गैरसमज आणि कलह पार करून बहुधा विवाहात किंवा समेटात संपणारे नाटक, म्हणजे सुखात्मिका, या प्रकारात युरोपीय रंगभूमीने स्त्रीच्या अवज्ञेला फार पूर्वी जागा दिली. इ. स. पू. ४११ मध्ये अथेन्सला सादर झालेल्या ॲरिस्टोफेनीसच्या ‘लायसिस्ट्राटा’त स्त्रिया युद्ध थांबवण्यासाठी पतींना शय्यासुख नाकारतात. शेक्सपिअरने १५९०च्या सुमारास लिहिलेल्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये मात्र पेट्रूशिओ हा पती उपासमार व जागरण घडवून फटकळ कॅथरिनला नमवतो, आणि अखेरीस तीच इतर पत्नींना आज्ञाधारकपणाचा उपदेश करते.

या शेवटाला जॉन फ्लेचरने १६११च्या सुमारास ‘द टेमर टेम्ड’ या नाटकातून उत्तर दिले. त्यात कॅथरिनच्या मृत्यूनंतर पेट्रूशिओ मारियाशी विवाह करतो. परंतु मारिया लग्नाच्या रात्रीच शिधासामग्रीसह वरच्या मजल्यावर स्वतःला कोंडून घेते, गावातल्या व शहरातल्या स्त्रिया तिच्या मदतीला धावतात, आणि पतीला तिच्या अटी मान्य कराव्या लागतात. पुढे तो आजारपणाचे आणि शेवटी मरणाचेही सोंग घेतो, तेव्हा शवपेटीजवळ उभी राहून मारिया त्याच्या मृत्यूबद्दल नव्हे, तर त्याने वाया घालवलेल्या आयुष्याबद्दल अश्रू ढाळते. ती स्वेच्छेने समेट करते खरी, पण नाटक संपल्यावर प्रेक्षकांना उद्देशून केलेल्या निवेदनात, म्हणजे उपसंहारात, स्त्री-पुरुषांनी एकमेकांना समान मानावे हाच हेतू सांगितलेला आहे.

ज्याच्या परवान्याविना नाटक होत नसे, त्या सर हेन्री हर्बर्ट या दरबारी अधिकाऱ्याने ऑक्टोबर १६३३ मध्ये अभद्र भाषेच्या कारणावरून या नाटकाचा प्रयोग थांबवला. तरीही पुढच्याच महिन्यात, २६ आणि २८ नोव्हेंबरला, ही दोन्ही नाटके राजा-राणीसमोर झाली, आणि हर्बर्टच्याच नोंदीनुसार फ्लेचरचे नाटक अधिक पसंत पडले. त्या काळी कॅथरिन काय आणि मारिया काय, दोघींच्या भूमिका मुलगेच करीत, कारण इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर अभिनेत्री आल्या त्या १६६० नंतर.

वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेक्सपिअरची हीच कथा ‘त्राटिका’ या नावाने मराठीत आणली, तेव्हा इथेही नायिकेची भूमिका पुरुष नटाकडेच होती आणि नट गणपतराव जोशी यांचा प्रतापराव, म्हणजे मराठीतला पेट्रूशिओ, गाजला. रामायणातल्या राक्षसीचे नाव त्या नायिकेला मिळाले आणि कजाग बाईला ‘त्राटिका’ म्हणणे मराठी घरांत रुळले. मात्र तिला वाकवणाऱ्या प्रतापरावाचे नाव जुलमी नवऱ्यासाठी कोणी वापरले नाही. दोष स्त्रीच्या स्वभावात शोधणारी ही सवय इंग्लंडमध्येही होतीच, आणि म्हणूनच पतीच्या वर्तनाला शिस्त लावायला निघालेली फ्लेचरची मारिया आजही मोलाची ठरते.