शाळा सोडण्यास सांगितले तर : पालकांसाठी माहिती

वार्षिक परीक्षेचा निकाल जवळ आला की काही घरांतील झोप उडते. ‘तुमच्या मुलासाठी दुसरी शाळा बघा’, असे मुख्याध्यापकांच्या कार्यालयात सुचवले गेलेले असते. कधी फी थकलेली असते, कधी गुण कमी पडलेले असतात, तर कधी वर्गात मारामारी झालेली असते. असे पालक रविवारी मिस्सा संपल्यावर धर्मगुरूंना गाठतात आणि विचारतात, ‘फादर, शाळा असे करू शकते का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. शाळा कोणत्या प्रकारची आहे, मूल कितवीत आहे आणि कारण कोणते आहे, यावर ते अवलंबून असते. म्हणून यासंबंधीची आवश्यक माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांचे, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंतचे शिक्षण त्याच्या कक्षेत येते. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. ही तरतूद विनाअनुदानित खासगी शाळांनाही लागू आहे. कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी आहे.

पूर्वी आठवीपर्यंत मुलाला नापास करून त्याच वर्गात ठेवण्यासही मनाई होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्ण झाल्यास फेरपरीक्षा आणि त्यातही अपयश आल्यास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ साली नियमांत तसा बदल केला. तथापि शाळेतून काढण्यावरील बंदी या दुरुस्तीनंतरही कायम आहे. त्याच वर्गात पुन्हा बसवणे ही एक गोष्ट आणि शाळेबाहेर घालवणे ही दुसरी, हा फरक पालकांनी ध्यानात ठेवावा. नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांना मात्र या कलमाचे संरक्षण नाही.

आपल्या शाळांचे वेगळेपण

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण पुष्कळ कॅथलिक पालकांना ती ठाऊक नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याक समाजांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा अधिकार दिला आहे. त्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना वरील कायद्यातून वगळले. ६ मे २०१४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रमती ट्रस्टच्या खटल्यात अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने या निर्णयाच्या फेरविचाराची आवश्यकता व्यक्त केली असली, तरी मोठ्या पीठाचा वेगळा निर्णय येईपर्यंत २०१४ चा निर्णयच प्रमाण राहतो.

याचा अर्थ असा की, सहावीतील जे मूल शेजारच्या बिगर-अल्पसंख्याक खासगी शाळेतून काढता येत नाही, त्याच मुलाला अल्पसंख्याक दर्जाच्या कॅथलिक शाळेत कलम १६ चा आधार घेता येत नाही. आपल्या समाजाचे रक्षण व्हावे म्हणून मिळालेला हा अधिकार आपल्याच, आणि तेही बहुधा गरीब वा अभ्यासात मागे पडलेल्या मुलाविरुद्ध वापरला जाण्याचा धोका त्यात आहे. शाळा चालवणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी याचा गंभीरपणे विचार केला पाहिजे.

अल्पसंख्याक शाळांचा हा अधिकार अमर्याद नाही, हेही तितकेच खरे. कठोर शिक्षा करण्यापूर्वी आरोप काय आहे ते सांगावे व म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहे. शाळेतून काढण्याचा निर्णय न्यायालयात टिकतोच असेही नाही. केरळमध्ये जुलै १९८५ मध्ये यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु श्रद्धेपोटी गात नसत. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला.

ख्रिस्तसभेचा नियम

देशाचा कायदा जेथे आपल्याला सूट देतो, तेथे ख्रिस्तसभेचा कायदा आपल्याला बांधून ठेवतो. पालक हेच मुलांचे पहिले शिक्षक आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधील ७९६ व्या नियमानुसार पालक व शिक्षक यांनी एकमेकांशी निकटचे सहकार्य करावयाचे आहे. शिक्षकांनी पालकांचे म्हणणे आपणहून ऐकून घ्यावे आणि पालकांच्या सभा व संघ यांना मान द्यावा, असेही तो नियम सांगतो. ८०६ व्या नियमाने धर्मप्रांतातील कॅथलिक शाळांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार बिशपांना दिला आहे. धर्मसंघांनी चालवलेल्या शाळाही त्यात येतात. तेव्हा कॅथलिक शाळेत आपले म्हणणे ऐकले जावे, असे म्हणणारा पालक उपकार मागत नाही.

नेहमीची तीन कारणे

थकलेली फी : गप्प राहणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. नोकरी गेली, घरात आजारपण आले, तर शाळेला वेळीच लेखी कळवावे आणि हप्ते मागावेत. शक्य तेवढी रक्कम भरून पावती जपून ठेवावी. धर्मग्रामातील संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे किंवा प्रमुख धर्मगुरूंकडे मदत मागण्यात कमीपणा मानू नये. फीचा विषय मोठ्या माणसांचा आहे. त्यासाठी मुलाला वर्गात उभे करणे कोणत्याही शाळेला शोभत नाही.

अभ्यासातील अपयश : हुशार वाटणारे मूल वाचताना अडखळत असेल, अक्षरे उलटसुलट लिहीत असेल, तर ते आळशी आहे असे ठरवण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. शासनाने मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांनी अशा मुलांना भेदभाव न करता सामावून घ्यावे, यासाठी शासनाने प्रयत्न करावयाचे आहेत. मुंबईत सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात ही तपासणी होते. प्रमाणपत्र मिळाल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात.

वर्तन : आपल्या मुलाचे चुकलेच नसेल, अशा समजुतीने शाळेत जाऊ नये. आधी मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकावे, मग शिक्षकांचे. दोष असल्यास तो मान्य करावा आणि समुपदेशन, लेखी हमी, काही काळ देखरेख असे शाळा सोडण्यापेक्षा सौम्य उपाय सुचवावेत.

अर्ज लिहून देण्यापूर्वी

प्रत्यक्षात फार थोड्या मुलांना शाळा लेखी आदेशाने काढते. बहुतेक वेळा पालकांनाच दाखल्यासाठी अर्ज करण्यास सांगितले जाते. मग शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले जाते आणि कागदोपत्री शाळेने काहीच केलेले नसते. एकदा असा अर्ज दिल्यावर तक्रारीला फारसा आधार उरत नाही. म्हणून :

१. त्याच बैठकीत कोणत्याही कागदावर सही करू नये. विचार करण्यास वेळ मागावा.
२. शाळेचे म्हणणे व त्याची कारणे लेखी मागावीत. आपले उत्तरही लेखी द्यावे आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.
३. दुसऱ्या शाळेतील प्रवेश निश्चित होईपर्यंत दाखला काढू नये. दहावीच्या वर्षी विशेष जपावे, कारण परीक्षेचा अर्ज शाळेमार्फतच भरला जातो.
४. दाखला घ्यावाच लागला तर वर्तणूक, कारण व शेरा हे रकाने तेथेच वाचून पाहावेत.

दाद कोणाकडे मागावी?

प्रथम वर्गशिक्षक, नंतर मुख्याध्यापक, त्यानंतर शाळेचे व्यवस्थापक, हा क्रम सोडू नये. पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधीला सोबत न्यावे. कॅथलिक शाळेबाबत प्रमुख धर्मगुरूंशी बोलावे आणि गरज भासल्यास बिशपांना पत्र लिहावे. तेथेही मार्ग निघाला नाही तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. वसई तालुक्यासाठी हे कार्यालय पालघर जिल्हा परिषदेचे आहे. मुंबईत माध्यमिक शाळांसाठी शिक्षण निरीक्षकांचे कार्यालय आहे. मुलाचा छळ होत असल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते. १०९८ हा दूरध्वनी क्रमांक संकटातील बालकांसाठी आहे.

या सर्व धावपळीत मुलाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. ‘तुझ्यामुळे आम्हांला हे ऐकावे लागले’, हे वाक्य घरात उच्चारू नये. शाळा कदाचित बदलावी लागेल; परंतु आपण कोणाला नकोसे झालो आहोत, ही भावना घेऊन कोणतेही मूल नव्या शाळेत जाऊ नये, एवढे तरी पालकांच्या हाती निश्चितच आहे. आणि आपल्या शाळांतून एखादे नाव पटावरून कमी करण्यापूर्वी त्या मुलाच्या घरी एकदा जाऊन यावे, अशी आमच्या मुख्याध्यापक बंधू-भगिनींना नम्र विनंती आहे.