मुक्ती मिशन, केडगाव

दुष्काळात निराधार झालेल्या मुली व स्त्रियांसाठी पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी पुणे जिल्ह्यात दौंडजवळ उभारलेली ख्रिस्ती संस्था. भूक आणि श्रद्धा यांचा महाराष्ट्रात इतका जवळून संबंध आलेले दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

रमाबाईंनी दुष्काळ स्वतः भोगला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थयात्रा करीत. 1870 च्या दशकातील दुष्काळात मद्रास इलाख्यात वडिलांचे छत्र हरपले. पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास यांनी पाला आणि रानफळे खाऊन दिवस काढले, अनवाणी पायपीट केली आणि 1878 मध्ये कलकत्ता गाठले. तिथे त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरवण्यात आले. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर थोड्याच काळात पतीही गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. ही श्रद्धा सुखात जन्मलेली नव्हती, हे त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहताना विसरता येत नाही.

1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले त्यांचे विधवा मुलींसाठीचे शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या आरोपावरून 1893 मध्ये मोठे वादळ उठले. 1896–97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, त्यामुळे या मुलींना केडगावच्या माळावर न्यावे लागले. प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी 1897 मध्ये खुले पत्र लिहिले. ख्रिस्ती असूनही ख्रिस्ती सरकारला त्यांनी सोडले नाही. 1899–1900 च्या ‘छप्पन्नच्या दुष्काळात’ गुजरातेतूनही मुली आल्या आणि केडगावची वस्ती दीड हजारांवर गेली.

धान्य पिकवणे, विणकाम, शिवण, छपाई ही कामे तिथे मुलीच करीत. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन आणि अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. आश्रयाला आलेल्या मुलीला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य कितपत उरते, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला आणि तो रास्त आहे. मात्र अनेक गावांत या मुलींसाठी दुसरे दारच उघडे नव्हते, ही वस्तुस्थितीही तितकीच खरी. केवळ ‘अन्नासाठी धर्मांतर’ एवढ्यावर या कामाची बोळवण करणे अन्यायाचे आहे.

हे काम केडगावबाहेरही पोचले. निजामाच्या राज्यातील मागास भागात 1912 मध्ये रमाबाईंनी मनोरमेच्या मदतीने गुलबर्ग्यास शाळा काढली. मनोरमा तिच्या मुख्याध्यापिका होत्या. 1921 मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.

मुलगी गमावल्यावरही रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. सामान्य बाईला वाचता येईल अशा सोप्या मराठीसाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल त्यानंतर प्रसिद्ध झाले. ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ या नावाने संस्थेचे काम केडगावात आजही सुरू आहे.