एकसष्टाचा हट्ट आणि पाथरीचा टीकाकार

परभणी जिल्ह्यांतील पाथरी गांवाचें नांव 2020 मध्यें वर्तमानपत्रांत गाजलें, तें साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळें. या गांवाची गणितांतील ओळख मात्र क्वचितच कोणाच्या कानीं पडते. गोदावरीच्या उत्तरेचें पार्थपुर तें हेंच, असें अभ्यासक मानतात. तेथें ज्ञानराज दैवज्ञानें 1503 च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' रचला. त्याचा पुत्र सूर्यदास यानें 1538 मध्यें भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली. सुलट वाचलें तर रामकथा आणि उलट वाचलें तर कृष्णकथा सांगणारें विलोमकाव्य रचणारा सूर्यदास तो हाच!

1150 सालच्या 'बीजगणितां'त एक उदाहरण असें आहे: कोणत्या पूर्णांकाच्या वर्गास 61 नें गुणून 1 मिळविला असतां पुनः पूर्ण वर्गच येईल? वाचकांनीं आधीं 60 घेऊन पाहावें. 4 चा वर्ग 16, त्याची साठपट 960, आणि 961 हा 31 चा वर्ग. 62 ला 8 ही संख्या पुरते. उत्तर 63 चा वर्ग. या दोन मवाळ शेजाऱ्यांमध्यें 61 हा विलक्षण हट्टी! त्याची सर्वांत लहान संख्या 22,61,53,980 असून येणारा वर्ग 1,76,63,19,049 या संख्येचा आहे. सेकंदास एक संख्या याप्रमाणें रात्रंदिवस तपासीत बसलें तर सात वर्षें उलटून जातील.

चक्रवाल रीतीनें हें काम घटकाभराचें होतें. 1 च्या वर्गास 61 नें गुणून 3 मिळविले कीं 64, म्हणजे 8 चा वर्ग. या 3 ला 'क्षेप' म्हणतात. त्याचा 1 करावयाचा आहे. 8 मध्यें अशी संख्या मिळवावी कीं, बेरजेस 3 नें भाग जावा आणि त्या संख्येचा वर्ग 61 च्या जवळ असावा. ती संख्या 7. बेरीज 15, भागाकार 5. आतां 5 च्या वर्गाच्या एकसष्टपटींतून 4 वजा केले कीं 1521, म्हणजे 39 चा वर्ग. क्षेप उणे 4 वर येतांच ब्रह्मगुप्ताची 628 सालची 'भावना', म्हणजे दोन उत्तरांच्या संयोगानें तिसरें काढण्याची युक्ति, तीन वेळां लावावी. उत्तर हातीं येतें.

ही रीत सर्वस्वी भास्कराचार्यांची नव्हे. 1073 च्या एका ग्रंथांत ती जयदेव नांवाच्या पूर्वसूरीच्या नांवावर आढळते. शिवाय हें चक्र प्रत्येक वेळीं थांबतेंच, याची सिद्धता त्या काळीं आपल्याकडे कोणी दिली नाहीं. समीकरणास उत्तर असतेंच, हें अठराव्या शतकांत लाग्रांजनें सिद्ध केलें. अभिमान बाळगतांना हेंहि ध्यानांत असावें.

1657 मध्यें फर्मानें फ्रेनिकलला हेंच कोडें घातलें, आणि फार त्रास पडूं नये म्हणून लहान संख्या निवडल्याचें मिस्किलपणें सांगितलें: 61 आणि 109! पुढें ऑयलरच्या गैरसमजानें समीकरणाला पेलचें नांव चिकटलें. पेलनें तें सोडविलेंच नव्हतें. 1817 मध्यें कोलब्रुकनें 'बीजगणिता'चें इंग्रजी भाषांतर केलें तेव्हां युरोपास खरा प्रकार कळूं लागला. त्या भाषांतराच्या तळटीपांत सूर्यदासाचा आधार जागोजाग येतो.

वर्गांत मी पेलचेंच नांव सांगतों. प्रश्नपत्रिकेंत तेंच असतें. पण फळ्यावर आधीं 64 मांडतों, आणि कोणा विद्यार्थ्याच्या वहींत 39 उमटेपर्यंत खडू खालीं ठेवतों.