बावनकशी

लष्करातील आपल्या जुन्या घरांपैकी असे घर क्वचितच सापडेल, की ज्याच्या लग्नकार्यांचे सोने सराफ्यातून आले नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावला आणि छावणीचे शहर झाले. फौज म्हटली की पगार आला, आणि पगार म्हटला की नाना टाकसाळींची नाणी आली. कोणते नाणे पूर्ण मोलाचे आणि कोणत्यास किती बट्टा, हे ठरविणारा तो सराफ. दागिने घडविणे व विकणे हा त्याच्या व्यवसायाचा एक भाग होता. मूळ काम पारखण्याचे. आपल्या भाषेत ते काम अजून शाबूत आहे. माणूस कसास उतरतो, नावाला बट्टा लागतो, आणि ज्याच्याविषयी शंकाच नाही तो बावनकशी.

कस म्हणजे कसोटीवर उमटलेली रेघ. काळ्या, बारीक कणांच्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी ठाऊक शुद्धतेच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोहोंचा रंग ताडून पाहायचा. तांब्याची भेळ असेल तर रेघ तांबूस दिसते, चांदीची असेल तर फिकट, किंचित हिरवट. मग तेजाबाचा थेंब. भेसळ विरघळते, सोने राहते. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त या परीक्षेवर, म्हणजे 'बनवारी'वर, स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. हिंदुस्थानात शुद्ध सोने बारा बानीचे मानीत. दहा बानीचा समजला जाणारा आपला दख्खनी होन अकबराच्या पारख्यांनी साडेआठ बानीवर आणून ठेवला, ही नोंद तिथलीच. हा अबुल फजल १६०२ साली मारला गेला आणि आपल्या ग्वाल्हेरजवळच आंतरीला पुरला गेला. तिकडून आपण कितीदा गेलो असू. सराफ्याच्या विद्येवर लिहिणारा एक मोठा लेखक तिथे निजला आहे, हे किती जणांच्या ध्यानात असते?

पण ही सारी परीक्षा रंगावर उभी आहे, आणि सोने पिवळे का, हा प्रश्न कोणी पारख्याने विचारल्याचे आम्ही वाचलेले नाही. चांदी पांढरी, लोखंड करडे. मग हाच धातू असा का? याचे उत्तर विसाव्या शतकाने दिले. ते समजण्यासाठी सराफा सोडून क्षणभर गाण्याच्या बैठकीत, तानपुऱ्यापाशी बसावे लागते.

तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार ऐकू येतो. ग्वाल्हेरच्या श्रोत्यास हे सांगणे म्हणजे उद्धटपणाच, परंतु कारण पाहण्याजोगे आहे. तार दोन्ही टोकांना बांधलेली असते. तिच्यावर उठणाऱ्या तरंगाला तेवढ्याच लांबीत बसावे लागते: एक वेटोळे, दोन, तीन, चार, पाच. साडेचार चालत नाही. पाच भागांनी कंप पावणारी तार मूळ स्वराच्या पाचपट कंप्रता देते, आणि तोच तो गांधार. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तानपुरा व वीणा यांच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचे स्थिर बिंदू येतात तो स्वरांश नियमाप्रमाणे उमटू नये. आपल्या वाद्यांच्या रुंद, वक्र घोडीमुळे तोही उमटतो, असे त्यांनी दाखविले. जवारीचे शास्त्र ते हेच.

१९२४ साली लुई द ब्रॉयली या फ्रेंच तरुणाने प्रबंधात मांडले, की इलेक्ट्रॉनलाही तरंग असतो. अणूच्या आत बांधला गेलेला इलेक्ट्रॉन तारेसारखाच अडकलेला असल्याने त्यालाही मोजक्याच अवस्था शक्य आहेत, मधल्या नाहीत. एका अवस्थेतून दुसरीत जायचे तर ऊर्जेची देवघेव करावी लागते, आणि ती देवघेव, माक्स प्लांकच्या १९०० सालच्या हिशेबानुसार, सुटी होत नाही. अखंड नाण्यांतच होते. या नाण्याला आपण पुंज म्हणतो. प्रत्येक रंगाचे नाणे निराळ्या मोलाचे, तांबड्याचे हलके, निळ्याचे भारी. आणि नियम असा, की भारी नाण्याचे काम हलक्या नाण्यांच्या ढिगाने होत नाही. १९०५ साली आइन्स्टाइनने हेच ओळखले.

आता सोन्याकडे येऊ. धातू सर्व रंगांचा प्रकाश परतवतात, म्हणून चांदी पांढरी. तिच्या इलेक्ट्रॉनांना वरच्या अवस्थेत चढविण्यास लागणारे नाणे अतिनील प्रकाशाचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे. सोन्याच्या अणुगर्भात मात्र ७९ प्रोटॉन आहेत. त्या ओढीमुळे आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक होतो, सापेक्षतेचे नियम लागू पडतात, अवस्थांमधले अंतर घटते आणि निळ्या प्रकाशाचे नाणे पुरेसे ठरते. निळा शोषला जातो. उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. प्लांक व आइन्स्टाइन दोघांचेही हिशेब आजीच्या पाटल्यांत असे एकत्र झाले आहेत. आमच्या पूर्वजांना हे सर्व ठाऊक होते, असा दावा हल्ली कानी पडतो. तो आम्हांस मान्य नाही. त्यांना रंगाचा फरक दिसत होता आणि त्यावर त्यांनी अचूक व्यवहार उभा केला. तेवढे मोठेपण पुरेसे आहे.

भारतीय मानक ब्यूरोची सोन्याची हॉलमार्क योजना २००० साली आली आणि १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. आता दगडाची जागा क्ष-किरणांच्या पेटीने घेतली आहे. तिचे तत्त्वही नाण्यांचेच. क्ष-किरण अणूच्या आतला एक इलेक्ट्रॉन उडवितात, रिकाम्या जागी वरचा इलेक्ट्रॉन उतरतो आणि उतरताना ठराविक मोलाचे नाणे बाहेर टाकतो: तांबे सुमारे ८.० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, सोने ९.७ हजारांचे, चांदी २२.२ हजारांचे. यंत्र ही नाणी मोजते. प्रत्येक मूलद्रव्याची अशी ओळख असते, हे १९१३ साली हेन्री मोझली या इंग्रज तरुणाने सिद्ध केले. दोनच वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या रणांगणावर पडला.

आमच्या परिचयाच्या एका घरातील पाटल्या मध्यंतरी मोडीत काढायला नेल्या होत्या. घरात तीन पिढ्या त्यांस बावनकशी म्हणत. पेटीने आकडा दाखविला ८६. बरोबर आलेल्या वृद्ध बाईंचा चेहरा उतरला; पैशांपेक्षा सासूबाईंचा शब्द खोटा ठरला याचे दुःख अधिक. दुकानातल्या वयस्क माणसाने पाटली फिरवून पाहिली. पेटीचा झोत जोडावर, डाक लावलेल्या जागी पडला होता. डाक म्हणजे लवकर वितळावे म्हणून चांदी-तांबे अधिक घातलेले सोने. शिवाय हे किरण पृष्ठभागापासून काही सहस्रांश मिलिमीटरच आतली वार्ता आणतात. म्हणूनच वाद मिटवायचा तर आजही सोने भट्टीत घालूनच तपासतात. दुसऱ्या बाजूस आकडा आला साडेएक्याण्णव, म्हणजे जवळजवळ पुरे २२ कॅरट. त्या गृहस्थांनी मग खणातून जुनी कसोटी काढली, दोन्ही जागांच्या रेघा शेजारी शेजारी ओढल्या आणि दगड बाईंच्या हाती दिला. एक रेघ पिवळी, दुसरी किंचित फिकट. चष्मा न लावताही त्यांना फरक दिसला. पाटल्या त्या दिवशी परत घरी आल्या.