ॲशवेल–मोरेल ग्राही

ॲशवेल–मोरेल ग्राही : यकृताच्या मुख्य कोशिकांच्या पृष्ठपटलावर आढळणारे एक प्रथिन. रक्तद्रवातील बहुतेक प्रथिनांना शर्करांच्या लहान, शाखायुक्त शृंखला जोडलेल्या असतात आणि त्या शृंखलांच्या टोकांशी सामान्यतः सिॲलिक अम्ल असते. हे अम्ल निघून गेल्यास त्याच्या आतील बाजूची गॅलॅक्टोज ही शर्करा उघडी पडते. असे प्रथिन ओळखून त्याला कोशिकेच्या आत घेणे, हे या ग्राहीचे प्रमुख कार्य होय. म्हणून त्याला ‘असिॲलोग्लायकोप्रोटीन ग्राही’ असेही म्हणतात. विशिष्ट शर्करांशी बद्ध होणाऱ्या प्रथिनांना लेक्टिने म्हणतात. एरंड व गुंज यांच्या बियांतील लेक्टिने एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात होती. सस्तन प्राण्यांत सापडलेले पहिले लेक्टिन म्हणून या ग्राहीचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी : शर्करा-शृंखलेच्या टोकावरील एखादाच घटक किती महत्त्वाचा असतो, याचे एक उदाहरण मुंबईतील रक्तगट संशोधनात मिळते. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये नेहमीच्या एबीओ रक्तगट पद्धतीत न बसणाऱ्या एका रक्तगटाचे वर्णन केले. हा रक्तगट पुढे ‘मुंबई रक्तगट’ या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. या व्यक्तींच्या तांबड्या कोशिकांवरील शृंखलेच्या टोकाच्या गॅलॅक्टोजाला फ्यूकोज ही शर्करा जोडली जात नाही. परिणामी त्यांना ओ गटाचे रक्तही चालत नाही, केवळ आपल्याच गटाचे चालते. या शोधाचा यकृतावरील संशोधनाशी प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु दोहोंतून निघणारे तत्त्व एकच आहे. शृंखलेच्या टोकाची शर्करा ही शोभेची वस्तू नसून ती ओळखीची खूण असते.

इतिहास : या ग्राहीचा शोध अनपेक्षितपणे लागला. विल्सन रोगात यकृत व मेंदू यांत तांबे साचते आणि रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन या ताम्रयुक्त प्रथिनाचे प्रमाण बहुधा कमी असते. अमेरिकेत ॲनाटोल मोरेल, आय. एच. शाइनबर्ग, गिल्बर्ट ॲशवेल आदी शास्त्रज्ञ १९६० नंतरच्या दशकात या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. प्रथिनाचा शरीरातील मार्ग शोधण्यासाठी त्याच्या शर्करेत किरणोत्सर्गी हायड्रोजन (ट्रिटियम) घालावयाचा होता. त्यासाठी आधी न्यूरामिनिडेज या एंझाइमाने सिॲलिक अम्ल काढून टाकावे लागे. अशी प्रक्रिया केलेले सेरुलोप्लाझ्मिन सशांच्या रक्तात टोचल्यावर ते काही मिनिटांतच रक्तातून नाहीसे झाले व यकृतात सापडले. नैसर्गिक सेरुलोप्लाझ्मिनाचे सशाच्या रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास मात्र दोन दिवसांहून अधिक काळ लागतो.

खूण करण्याची पद्धतच सदोष होती, असा निष्कर्ष काढून हा प्रयोग सोडून देणे सोपे होते. त्याऐवजी संशोधकांनी कारणाचा पाठपुरावा केला. उघडे पडलेले गॅलॅक्टोज एंझाइमाने बदलले किंवा काढून टाकले, तर तेच प्रथिन पुन्हा रक्तात टिकते, असे त्यांना आढळले. म्हणजे यकृत सिॲलिक अम्लाच्या अभावाला नव्हे, तर उघड्या गॅलॅक्टोजाला प्रतिसाद देत होते. १९७१ पर्यंत रक्तद्रवातील इतर अनेक प्रथिनांबाबत हेच दिसून आले. १९७४ मध्ये सशाच्या यकृतातून हा ग्राही शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला. विल्सन रोगाचे मूळ मात्र या वाटेने सापडले नाही. त्याला कारणीभूत असलेला जीन १९९३ मध्ये ओळखला गेला.

संरचना : मानवातील ग्राही एच-१ व एच-२ या दोन प्रकारच्या उपएककांचा बनलेला असतो. एच-१ मध्ये २९१ ॲमिनो अम्ले असतात. प्रत्येक उपएककाचे चार भाग पडतात : कोशिकेच्या आतील आखूड टोक, पटलातून आरपार गेलेला भाग, बाहेरील देठ आणि देठाच्या अग्रावरील शर्करा-बंधक भाग. हे बंधन कॅल्शियमावर अवलंबून असते. एच-१ च्या शर्करा-बंधक भागाची स्फटिक-संरचना २००० मध्ये प्रसिद्ध झाली व तीत कॅल्शियमाचे तीन आयन आढळले. एकच गॅलॅक्टोज या ग्राहीला दुर्बलपणे बद्ध होते. तीन शर्करा योग्य अंतरांवर असल्यास मात्र बंधनाचे बल लक्षावधी पटींनी वाढते. ॲसिटिल गॅलॅक्टोज-अमाइन ही शर्करा गॅलॅक्टोजापेक्षाही अधिक घट्ट बद्ध होते.

कार्य : प्रथिन बद्ध झाल्यावर पटलाचा तेवढा भाग आत वळून त्याची पिशवी बनते. पिशवीतील अम्लता वाढली की, ग्राही व प्रथिन विलग होतात. प्रथिनाचे विघटन होते आणि ग्राही पृष्ठभागावर परततो. अशा फेऱ्या एकच ग्राही अनेक वेळा करतो. जुन्या झालेल्या व सिॲलिक अम्ल गमावलेल्या बिंबाणूंनाही हा ग्राही रक्तातून काढून घेतो. त्यामुळे नवीन बिंबाणूंच्या निर्मितीला चालना देणाऱ्या थ्रॉम्बोपोएटिन या हॉर्मोनाचे यकृतातील उत्पादन वाढते, असे २०१५ मध्ये दाखविण्यात आले.

वैद्यकीय उपयोग : (१) निदान : गॅलॅक्टोज जोडलेल्या मानवी अल्ब्युमिनाला टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याने खूण करून ते शिरेतून देतात आणि यकृत ते किती त्वरेने घेते, याची प्रतिमा काढतात. यावरून यकृताचा किती भाग कार्यक्षम आहे, याचा अंदाज येतो. यकृताचा भाग काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी ही माहिती मोलाची ठरते. ही पद्धत जपानमध्ये १९९२ पासून वापरात आली.

(२) औषधवहन : रोगकारक प्रथिनाचा संदेश नष्ट करणारे आरएनएचे लहान तुकडे औषध म्हणून वापरण्यातील मोठी अडचण ती कोशिकेत पोचविण्याची होती. या रेणूंवर ऋण विद्युत् भार असल्याने ते पटलातून सहजी आत जात नाहीत. त्यांच्या एका टोकाला ॲसिटिल गॅलॅक्टोज-अमाइनाचे तीन रेणू जोडल्यावर हा ग्राहीच त्यांना यकृतकोशिकेत नेऊ लागला. या तत्त्वावरील गिव्होसिरान हे पॉर्फिरियाच्या यकृतजन्य तीव्र प्रकारांवरील औषध अमेरिकेत २०१९ मध्ये, तर लुमासिरान हे मूत्रपिंडात ऑक्झलेटाचे खडे करणाऱ्या एका आनुवंशिक रोगावरील औषध २०२० मध्ये संमत झाले. रक्तातील कोलेस्टेरॉल घटविणारे इन्क्लिसिरान यूरोपात २०२० व अमेरिकेत २०२१ मध्ये संमत झाले. पहिल्या मात्रेनंतर तीन महिन्यांनी दुसरी व पुढे दर सहा महिन्यांनी एक, अशी त्याची त्वचेखालील अंतःक्षेपणे देतात.

मर्यादा : हा मार्ग मुख्यतः यकृतापुरताच उपयोगी आहे, स्नायू, मेंदू इत्यादींसाठी निराळी साधने लागतात. ग्राहीच्या शरीरातील कार्याबद्दलचे प्रश्नही संपलेले नाहीत. आइसलँडमधील ज्या व्यक्तींत एच-१ च्या जीनाची एक प्रत सदोष असते, त्यांच्या रक्तात हानिकारक कोलेस्टेरॉल कमी असते व त्यांना हृद्‌रोहिणीच्या रोगाचा धोकाही कमी असतो, असे २०१६ मध्ये आढळून आले. यावरून या ग्राहीचे कार्य जुनी प्रथिने दूर करण्यापुरते मर्यादित नाही, हे स्पष्ट होते.