खोताची वाडी : कौलांपासून चटईक्षेत्रापर्यंत

फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी. गिरगावातल्या वाड्यांची ही नावं ओळीनं म्हटली, तर एखाद्या बागायतदाराची वही उघडल्यासारखं वाटतं. मुंबई बेटावरची ही जमीन एके काळी बागायती होती, याचा पुरावा आता या नावांतच उरला आहे. खोताच्या वाडीचं नाव मात्र झाडावरून पडलेलं नाही, ते जमीनधारकावरून पडलं आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थानं आपल्या जमिनीचे तुकडे पाडून ते इथल्या ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि त्यांवर घरं उभी राहिली, असा वाडीचा जन्म सांगितला जातो. म्हणजे जमीन मोजणं, तिचे तुकडे करणं आणि ते दुसऱ्याच्या नावावर चढवणं, या व्यवहारातूनच ही वाडी जन्मली. आज तिच्या पुनर्विकासावर आपण बोलतो तेव्हा हाच व्यवहार वेगळ्या मापानं पुन्हा होतो आहे, एवढं आधी लक्षात घ्यायला हवं.

मी गिरगावातल्याच एका चाळीत वाढलो. चाळ आणि वाडी यांतला फरक आम्हा मुलांना पायांनी कळायचा. चाळीत सामाईक गॅलरीतून धावता यायचं. खोताच्या वाडीत प्रत्येक घराला स्वतःचा ओटा, स्वतःचं दार आणि बऱ्याच घरांना बाहेरून वर जाणारा लाकडी जिना. दोन घरांमधली गल्ली इतकी अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकानं अंग चोरायचं. मात्र ओटे गल्लीकडे तोंड करून असल्यामुळे ती गल्ली रस्त्यापेक्षा अंगणासारखी वापरली जाई.

‘पोर्तुगीज’ म्हणजे कोण?

पर्यटकांसाठी लिहिलेल्या मजकुरात या घरांना सर्रास ‘पोर्तुगीज’ म्हणतात. हा शब्द फसवा आहे. मुंबई बेट १६६१च्या विवाहकरारानं पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे गेलं. वाडीतली घरं त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी उभी राहू लागली. ती बांधणारे लोक मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यातले मूळचे रहिवासी. पोर्तुगीज अमलात त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले, पण घरची बोली मराठीच राहिली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी घेतलं ते १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे सरकारदरबारी ठसवणं हा त्यामागचा हेतू होता. ‘आम्ही मूळचे इथले’ हा दावा या समाजाला सव्वाशे वर्षांपूर्वीही कागदावर मांडावा लागला होता. वाडीतल्या घरांना परक्या देशाचं नाव देताना आपण नकळत हाच दावा पुसतो.

पाडकामाची पहिली लाट

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत प्लेगचे रोगी सापडले. रोगाचं मूळ दाटीत आणि कोंदट घरांत आहे, या समजुतीनं १८९८मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. वस्त्या पाडून रुंद, वाऱ्याच्या दिशेनं जाणारे रस्ते काढायचे, हा त्याचा कार्यक्रम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड (आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) ही त्याची कामं. ट्रस्टनं पाडलं पुष्कळ. पण जे विस्थापित झाले ते नव्या घरांचं भाडं देऊ शकत नव्हते, म्हणून शेजारच्या वस्त्यांत आणखी दाटी झाली. सार्वजनिक हिताचं नाव, जुन्या घरांवर ‘अनारोग्य’ हा शिक्का आणि पाडकामानंतर परत न येणारा रहिवासी, हे तीन घटक मुंबईच्या पुनर्विकासात तेव्हापासून एकत्र आले. खोताची वाडी त्या लाटेतून वाचली.

तीन कायदे

दुसरी लाट कागदावरून आली आणि तिला अर्धशतक लागलं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं निवासी जागांची भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला गोठवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला ही मोठी ढाल होती. माझ्या आईवडिलांचं गिरगावात राहणं त्या ढालीमुळेच शक्य झालं. पण गोठलेल्या भाड्यात तुळई बदलत नाही. मालकांनी दुरुस्ती सोडली, पागडीचा चोरटा व्यवहार वाढला आणि पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या.

त्यावर उपाय म्हणून १९६९चा दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्यातून मंडळानं दुरुस्ती करायची. त्या वेळी शहर बेटावर अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या. दुरुस्ती कधीच पुरी पडली नाही. गोठवलेली भाडी अवाजवी ठरल्याचं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली म्हटलं. १९९९च्या नव्या भाडेकायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ आणि पागडीला मान्यता दिली. पण तोवर दुरुस्तीपेक्षा पाडकाम फायद्याचं झालं होतं.

कारण तिसरा कायदा चटईक्षेत्राचा होता. विकास नियंत्रण नियमावलीतला ३३(७) हा नियम सांगतो : उपकरप्राप्त इमारतीच्या भाडेकरूंना नवी घरं मोफत द्या, त्या बदल्यात बांधकाम व्यावसायिकाला विकण्यासाठी जादा चटईक्षेत्र मिळेल. जितके भूखंड एकत्र कराल तितकं हे बक्षीस वाढतं. २००९ साली आलेल्या ३३(९)खालच्या समूह पुनर्विकासाला शहर बेटावर किमान ४,००० चौरस मीटर जागा लागते. या हिशेबात वाडी कुठे बसते ते पाहा. नियम भूखंड मोजतो, इमारत मोजतो, भाडेकरू मोजतो. दोन ओट्यांमधली गल्ली तो मोजत नाही. समूहात ती मोकळी जागा म्हणूनही उरत नाही.

दोन प्रकारचे रहिवासी

वाडीत पूर्वी पासष्टच्या आसपास घरं होती, असं सांगतात. आज तिशीच्याही आत उरली आहेत. उरलेल्यांच्या मधूनच उंच इमारती डोकावतात. वर्तमानपत्रांतून ही गोष्ट ‘वारसा विरुद्ध बिल्डर’ अशी येते. मला ती तशी सरळ वाटत नाही.

वाडीतलं घर बहुधा कुटुंबाच्या मालकीचं असतं, भाड्याचं नसतं. तिथे धोका येतो तो वाटणीतून. एका घराचे वारस चार शहरांत आणि दोन खंडांत पसरतात. म्हाताऱ्यानं राखलेली कौलं त्याच्या पाठीमागे कुणी परतायची, हा प्रश्न उरतो. घर विकून पैसे वाटणं सोपं जातं. वारसा नियमावली १९९५ साली आली. तिनं मालकावर बंधन घातलं, पण सागवानी जिना दुरुस्त करायला लागणारा सुतार आणि त्याची मजुरी कुठून आणायची, हे त्याच्यावरच सोपवलं.

शेजारच्या चाळीतल्या भाडेकरूची गरज नेमकी उलटी. शंभर-दीडशे चौरस फुटांच्या खोलीत, सामाईक संडासासमोर रांग लावून ज्यानं आयुष्य काढलं, त्याला तीनशे चौरस फुटांचं स्वतःचं घर नको का? वारशाच्या नावानं त्याला थांबायला सांगणाऱ्यांपैकी फार थोडे त्या रांगेत उभे राहिले आहेत. मात्र त्यालाही पुढचा हिशेब क्वचितच सांगितला जातो : संक्रमण शिबिरातली अनिश्चित वर्षं, आणि परतल्यावर लिफ्ट-पंपाचा मासिक खर्च, जो जुन्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. ज्याला तो झेपत नाही तो घर विकून विरार किंवा डोंबिवली गाठतो. ट्रस्टच्या काळातला परत न येणारा रहिवासी इथे पुन्हा भेटतो. फरक इतकाच, की आता त्याच्या हातात थोडे पैसे असतात.

ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रोचं गिरगाव स्थानक सुरू झालं. त्यासाठीही इथल्या जुन्या इमारती गेल्या. आता जमिनीचा भाव आणखी चढेल. अशा वेळी वाडीला ‘पोर्तुगीज खेडं’ म्हणून नटवणं किंवा ‘मोडकळीस आलेली’ म्हणून मोडीत काढणं, दोन्हींत तिथे राहणारा माणूस दिसेनासा होतो. मालकाला दुरुस्तीसाठी थेट मदत, भाडेकरूला परवडेल असा देखभालखर्च आणि गल्लीला नियमावलीत स्वतंत्र मोजमाप, या तीन गोष्टी एकाच कायद्यात आजवर एकत्र आलेल्या नाहीत. त्या येईपर्यंत प्रत्येक घराचा निर्णय त्या घराच्या वारसांच्या बैठकीत, एकेकट्यानं, होत राहणार आणि गल्लीच्या वतीनं बोलणारं त्या बैठकीत कुणीही नसणार.