डनेडिन जहाजाचे ९८ दिवस

गेल्या फेब्रुवारीत निफाडचे मामा आमच्याकडे आले होते. डोंगर झाले, तळी झाली, मग मी त्यांना ओमारूजवळ टोटारा इस्टेटला घेऊन गेले. जागा तशी साधी: दगडी इमारती, थोडं गवत आणि एक जुना कत्तलखाना. मामा माळकरी. "त्यांना काय दाखवायला नेलंस गं!" म्हणून आई फोनवर रागावली. पण मामांनी चाळीस वर्षं द्राक्षं पिकवली आहेत, आणि मला त्यांना मांस दाखवायचं नव्हतं. नाशवंत माल पहिल्यांदा या देशातून अर्ध्या जगापलीकडे कसा गेला, ते दाखवायचं होतं.

१८८१ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये वसाहतवाल्यांची संख्या पाच लाखांच्या आसपास होती आणि मेंढ्या होत्या सुमारे १ कोटी ३० लाख. (ही कुरणं आली कुठून, हेही सांगायला हवं. दक्षिण बेटाचा प्रचंड प्रदेश १८४८ मध्ये न्गाई ताहू लोकांकडून अवघ्या २,००० पौंडांत घेतला गेला. त्यांच्यासाठी राखून ठेवायच्या जमिनींचं वचन नीट पाळलं गेलं नाही. सरकारशी समझोता व्हायला १९९८ साल उजाडलं.) लोकर जहाजाने इंग्लंडला जायची, कारण ती नासत नाही. मांसाला मात्र गिऱ्हाईक नव्हतं. म्हाताऱ्या मेंढ्या उकळून चरबी काढायची, साबण-मेणबत्त्यांसाठी विकायची आणि उरलेलं टाकून द्यायचं, अशी रीत होती. तिकडे इंग्लंडच्या कारखान्यांतल्या शहरांत मांस महाग होतं.

बर्फाने माल टिकतो हे तोवर नवीन राहिलं नव्हतं. आपल्या मुंबईतही १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने येत असे. पण तो साहेबांच्या आणि शेटजींच्या पेल्यात पडे. शेतमालासाठी तो आणावा असं कुणाच्या मनात आलं नाही. पुढे यंत्राने थंडी तयार करता येऊ लागली आणि १८८० मध्ये 'स्ट्रॅथलेव्हन' ही आगबोट ऑस्ट्रेलियातून गोठवलेलं मांस घेऊन लंडनला सुखरूप पोचली.

न्यूझीलंड अँड ऑस्ट्रेलियन लँड कंपनीच्या विल्यम सोल्टाऊ डेव्हिडसन यांनी हेच आणखी लांबून करायचं ठरवलं. इथली व्यवस्था थॉमस ब्रायडन यांच्याकडे होती. अल्बियन लाइनच्या 'डनेडिन' या शिडाच्या जहाजावर बेल-कोलमन यंत्र बसवलं. तत्त्व सोपं: हवा दाबायची, दाबल्याने तापली की पाण्याने निववायची आणि मग एकदम मोकळी सोडायची; पसरताना ती कडाक्याची थंड होते. त्यासाठी रोज सुमारे तीन टन कोळसा जाळावा लागे. शिडांच्या मधून धुराडं वर आलेलं ते जहाज पाहून लोकांना ती आगबोटच वाटायची.

पण मामांना यंत्रापेक्षा बाकीची मांडणी पटली. कत्तल बंदरावर नव्हे, टोटाऱ्याला, कुरणाजवळ. तिथून रेल्वेने थेट पोर्ट चामर्सला. गोठवणं जहाजावरच. प्रत्येक मेंढी कापडी पिशवीत शिवलेली. "म्हणजे तोडणी, पॅकिंग, गाडी, प्रीकूलिंग, सगळं एका हाताखाली," मामा म्हणाले.

डिसेंबर १८८१ मध्ये माल भरायला घेतला आणि थोड्याच दिवसांत यंत्राचा क्रँकशाफ्ट मोडला. गोठवलेल्या शेकडो मेंढ्या बाहेर काढून मिळेल त्या भावाने इथेच विकाव्या लागल्या. मी हे वाचून दाखवत होते, तेवढ्यात मामांनी थांबवलं.

"तो तोटा कुणाच्या बोकांडी बसला?"

कंपनीच्या. मेंढ्या तिच्या, प्रयोगही तिचाच. दुरुस्ती करून तिने पुन्हा माल भरला. १५ फेब्रुवारी १८८२ ला जहाज सुटलं, तेव्हा आत ४,३३१ मेंढ्या, ५९८ कोकरं, २२ डुकरं आणि लोण्याची २५० पिंपं होती. वाटेत धुराड्याच्या ठिणग्यांनी शिडं पेटली. उष्ण कटिबंधात थंड हवा मालात सगळीकडे फिरेना. कप्तान जॉन व्हिटसन स्वतः हवेच्या वाटेत सरपटत शिरला, करवतीने नवी भोकं पाडली आणि थंडीने तिथेच गारठून पडला. मागोमाग आलेल्या मेटने त्याच्या पायांना दोर बांधून त्याला बाहेर ओढलं. ९८ दिवसांनी, २४ मे रोजी, जहाज लंडनला लागलं. एवढ्या मालातली एकच मेंढी बाद ठरली. कंपनीला ४,७०० पौंड नफा झाला. आठ वर्षांनी, १८९० मध्ये, ओमारूहून लंडनला निघालेलं हेच 'डनेडिन' माणसांसकट बेपत्ता झालं. ते परत कुणाला दिसलं नाही.

खरा बदल मात्र मोठ्या कंपनीपुरता राहिला नाही. लोणी आता लंडनला पोचू लागल्यावर दहा-वीस गाईंच्या शेतकऱ्यालाही अर्थ आला. तारानाकीत च्यू चाँग या चिनी व्यापाऱ्याने १८८७ मध्ये एल्थमला लोण्याचा कारखाना काढला आणि शीतयंत्रही बसवलं. आपल्यासारखाच बाहेरून आलेला माणूस, म्हणून मला त्याच्याविषयी जरा जास्त जिव्हाळा. पुढे शेतकऱ्यांच्या सहकारी डेअऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यापुढे त्याचा धंदा टिकला नाही. त्याच्यासाठी वाईट वाटतं, पण कारखाना आणि शीतगृह दूधवाल्यांच्याच मालकीचं झालं, तिथेच या देशाची गाडी रुळावर आली असं माझं मत आहे. हेच शिकायला १९५२-५३ मध्ये व्हर्गीस कुरियन इथे आले होते.

द्राक्षांत आपल्याकडेही तसा प्रयत्न झाला. १९९१ मध्ये पुण्यात महाग्रेप्स उभी राहिली. बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी प्रीकूलिंगची युनिटं आणि शीतगृहं बांधली. पहाटे तोडणी, काही तासांत घड चार अंशांपर्यंत आणायचे, गंधकाचे पॅड घालून पेट्या बंद करायच्या आणि शून्याच्या आसपास ठेवून कंटेनर रवाना. तो माल युरोपात ताजा उतरतो. पण सगळेच शेतकरी असल्या संस्थेत नव्हते. मामा एका खासगी निर्यातदाराला माल देत.

२०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. वेलीची शेंडेवाढ रोखायला आपले बागायतदार ते औषध वापरत. थंडीची साखळी कुठेच तुटली नव्हती, द्राक्षं आतून टणक होती. तरी निर्यातदाराने मामांच्या पट्टीतून पैसे कापले, उरलेले दीड वर्षाने दिले. त्या साली मामेबहिणीचं लग्न पुढे ढकललं होतं. कारण मला टोटाऱ्याच्या बाकावर बसल्यावर कळलं, तोवर आम्हाला मुहूर्त नाही म्हणून सांगितलं होतं.

"आमचा मोडला असता ना तो शाफ्ट," मामा म्हणाले, "तर त्याचं बिल मेंढीवाल्याच्या नावावर फाडलं असतं."

तीन वाजत आले होते. निफाडला सकाळचे साडेसात. मामेभावाचा फोन आला, तोडणी उरकत आली होती. या वर्षी तो गावातल्या अकरा जणांबरोबर मिळून एका सहकारी युनिटला माल घालतो आहे. मामांनी भाव विचारला नाही, साखर किती भरली तेही नाही.

"गाडी आली का? मग पेट्या सावलीत घे आधी. फोन ठेव, आणि घे."